आत्याच्या पोटातले टाके गेले कुठं?

पित्ताशयातले खडे काढून आत्याला मिरजेहून घरी आणलं, त्या दिवशी सिस्टरनं दिलेला सूचनांचा कागद माझ्या खिशात होता. तेलकट खायचं नाही, जड उचलायचं नाही, आठ दिवसांनी दाखवायला यायचं. सगळ्यात खाली एक ओळ होती : टाके काढायचे नाहीत, आपोआप विरघळतील. आत्यानं चष्मा सापडेना म्हणून कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि या ओळीवर मला थांबवलं.

"आरं, विरघळतील म्हंजे? साखर विरघळती तशी? मग ती दोरी जाती कुठं? माझ्या अंगातच ऱ्हाती व्हय?"

मी म्हणालो, विरघळते म्हणजे संपते. तिनं मान हलवली. वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठावर तिचं सगळं आयुष्य उसात गेलं आहे. पाण्यात विरघळलेली साखर संपत नसते, काहिलीखाली जाळ घातला आणि पाणी आटलं की ती परत हाती येते, हे तिनं गुऱ्हाळावर कित्येक हंगाम पाहिलं आहे. दिसेनाशी झालेली वस्तू कुठंतरी असतेच. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. खरं उत्तर शोधायला मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की त्या उत्तराचे बरेचसे धागे आमच्याच सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांच्या मातीतून जातात.

सुरुवात मिरजेपासूनच करावी लागते. हे गाव दोन गोष्टींनी ओळखलं जातं. एक म्हणजे तंतुवाद्यं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी बनवू लागले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव तिथं आजही आदरानं घेतात, आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरी गोष्ट म्हणजे दवाखाने. कॅनडाहून आलेल्या विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. त्यांचं नाव आज वानलेसवाडी या वस्तीलाही आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडच्या कर्नाटकातून पोट धरून आलेली माणसं मिरजेला उतरायची, आजही उतरतात.

तार आणि टाका या दोन गोष्टी एकाच गावात नांदाव्यात, याचं मला पूर्वी काही वाटलं नव्हतं. पण त्या दोघांचं मूळ एकच निघालं. सारंगीला जी तात लावतात ती जनावराच्या आतड्याची. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तातही तीच. वानलेस डॉक्टरांच्या काळात पोटाच्या आत टाके घालायला शल्यविशारद जो धागा वापरत, तोही मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून केलेला असे. त्याचं नाव कॅटगट. नावात मांजर आहे, धाग्यात नाही. दुसऱ्या शतकात रोमच्या गॅलेननं हा आतड्याचा धागा वापरला, दहाव्या शतकात कॉर्डोबाच्या अल्-झहरावीनं पोटातल्या टाक्यांसाठी त्याची शिफारस केली. आपल्याकडे सुश्रुतानं तर फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्यांचा चावा घ्यायला लावावा, मग मुंग्यांची धडं तोडून डोकी तशीच ठेवावीत आणि आतडं पोटात परत घालावं, असं सांगितलं. या सगळ्यांची अडचण एकच होती. पोट एकदा शिवलं की आतला टाका काढायला परत पोट उघडायचं का? ज्याला काढायला जाता येणार नाही, त्यानं आपणहून जायला हवं.

कॅटगट आपणहून जायचा, कारण शरीर त्याला खायचं. आतड्याचा तो पापुद्रा मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा. परकं प्रथिन दिसलं की आपल्या पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात, त्यावर विकरं सोडतात आणि त्याचे तुकडे करून गिळतात. साधा कॅटगट आठ-दहा दिवसांत ढिला पडे. जखमेला तेवढा वेळ पुरत नसे म्हणून कातडं कमावताना वापरतात तसे क्रोमियमचे क्षार लावून त्याला चिवट करत. म्हणजे धागा कमावून घेत. तरी भरवसा नव्हता. ताप असलेल्या, पू झालेल्या रोग्यात पांढऱ्या पेशींची फौज मोठी, तिथं धागा लवकर संपे. जिथं टाका टिकायला हवा, तिथंच तो आधी तुटायचा. धाग्याची मुदत धाग्याच्या हातात नव्हती, रोग्याच्या शरीराच्या हातात होती.

आत्याच्या पोटात कॅटगट नव्हता. आता जो धागा सर्रास वापरतात तो माणसानं बनवलेला आहे, आणि त्याची मुदत बनवतानाच ठरवलेली असते.

हे कसं जमलं, ते कळायला दह्याकडे जावं लागतं. १७८० मध्ये कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं काढलं, ते लॅक्टिक आम्ल. दह्याची आंबट चव याचीच. आपण धावतो, उसाची मोळी डोक्यावर घेऊन बांधावरून चालतो, तेव्हा आपल्या स्नायूंतही हेच तयार होतं. त्याचा रेणू लहानसा, पण त्याला दोन हात आहेत. एका हातानं तो शेजाऱ्याला धरू शकतो, दुसऱ्यानं पुढच्याला. असे हजारो रेणू हातात हात घालून उभे राहिले की लांबलचक साखळी होते. तेच पॉलिलॅक्टिक आम्ल. त्याचा धागा ओढता येतो, स्क्रू कातता येतो, पट्टी दाबता येते. ग्लायकोलिक आम्ल हे त्याचं धाकटं भावंड. उसाच्या रसात तेही अल्प प्रमाणात असतं, पण टाक्यांसाठी लागणारं कारखान्यातच बनवतात.

या साखळीचे सांधे पाण्याला उघडता येतात. सगळं मर्म इथं आहे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा साखरेचे रेणू शाबूत राहून नुसते विखुरतात, म्हणून आटवल्यावर परत मिळतात. टाक्याचं तसं होत नाही. शरीरातलं पाणी धाग्यात शिरतं, एकेका सांध्यापाशी जातं आणि दोन रेणूंचे हात सोडवतं. साखळी अर्धी होते, अर्ध्याची पाव होते. शेवटी सुटे रेणू उरतात. त्याला पांढऱ्या पेशींची फौज लागत नाही. पाणी सगळ्यांच्या अंगात सारखंच, म्हणून मुदतही जवळजवळ सारखी.

ही मुदत हवी तशी ठरवता येते, आणि कशानं, तर केवढ्याशा फरकानं! लॅक्टिक आम्लाच्या रेणूला एक शेपटी आहे, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढीच. ग्लायकोलिकला ती नाही. ही शेपटी पाण्याला थोडी दूर ठेवते. नुसत्या ग्लायकोलिकचा धागा काही आठवड्यांत बळ गमावतो. नुसत्या लॅक्टिकची घट्ट रचलेली पट्टी दोन वर्षांहूनही जास्त टिकते. चार अणूंच्या शेपटीनं आठवड्यांची वर्षं होतात. दोघांची भेसळ करा, प्रमाणानुसार मुदत बदलते. अर्धं-अर्धं मिसळलं तर दीड-दोन महिने. १९७४ च्या सुमारास बाजारात आलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका टाक्यात ९० भाग ग्लायकोलिक आणि १० भाग लॅक्टिक असतं. दोन आठवड्यांनी त्याचं सुमारे तीन-चतुर्थांश बळ शिल्लक असतं, तीन आठवड्यांनी निम्मं, आणि ५६ ते ७० दिवसांत तो नाहीसा होतो. आत्याच्या कागदावर ज्या धाग्याचं नाव होतं, तो हाच.

पॉलिलॅक्टिक आम्ल शरीरात ठेवून पाहण्याचा एक आरंभीचा आणि आजही हटकून उल्लेखला जाणारा शोधनिबंध १९६६ मध्ये अमेरिकेतल्या 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात आला. काम अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेतलं. लेखक चार, आणि पहिलं नाव आर. के. कुलकर्णी. जगभरच्या ग्रंथसूच्यांत हे आडनाव पुन्हा पुन्हा भेटतं आणि मराठी वाचणारा डोळा दर वेळी तिथं क्षणभर थबकतो.

मग आत्याचा मूळ प्रश्न. सुटे झालेले रेणू जातात कुठं? १९७३ मध्ये संशोधकांनी हाच प्रश्न प्रयोगात मांडला. पॉलिलॅक्टिक आम्लातल्या कार्बनवर किरणोत्सारी खूण केली, तो पदार्थ उंदरांच्या शरीरात ठेवला आणि खूण कुठं कुठं निघते त्यावर पाळत ठेवली. खूण मुख्यतः श्वासात सापडली.

याचा अर्थ नीट पाहा. साखळीतून सुटलेलं लॅक्टिक आम्ल आणि स्नायूंनी बनवलेलं लॅक्टिक आम्ल यांत पेशीला फरक दिसत नाही. पेशी ते भाकरीसारखंच जाळते, त्यातून ऊर्जा काढते, आणि मागं उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ग्लायकोलिकचा काही भाग लघवीवाटे जातो, काही याच चुलीत जळतो. म्हणजे आत्यानं आपल्या टाक्यांचा एक भाग थोडा थोडा करून श्वासावाटे बाहेर सोडला. पहाटे ओसरीवर बसून, शेतात जाऊन, झोपेत. तिच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाऱ्यात मिसळला, आणि वाऱ्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊनच समोरचा ऊस साखर बनवतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

साखर ते लॅक्टिक आम्ल ही वाट खरोखर चालती आहे. योग्य जिवाणूंना साखर दिली की ते ती आंबवून लॅक्टिक आम्ल करतात. अमेरिकेत त्यासाठी मक्याची साखर वापरतात, थायलंडमधल्या रायोंगला उसाची. आपल्याकडे सातारा जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच, जेजुरीला, प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथला रोख मुख्यतः प्लॅस्टिकला पर्याय देण्यावर आहे. वैद्यकीय दर्जाच्या मालाला शुद्धतेच्या फार वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण रेणू तोच. साखराळे, कुंडल, रेठरे, यशवंतनगर इथल्या साखर कारखान्यांच्या गव्हाणींत पडणारा ऊस फक्त साखर आणि मळी देऊ शकतो असं समजणं मला आता जमत नाही.

इथवर धाग्यानं फक्त धरून ठेवलं. दोन कडा जुळवल्या, जखम भरेपर्यंत सोडल्या नाहीत. पण जिथं जुळवायला कडाच नाहीत, मांसाचा किंवा हाडाचा मोठा तुकडाच गेला आहे, तिथं काय करायचं?

मिरज तालुक्यात बेडग, आरग, नरवाड, मालगाव या भागात पानमळे आहेत. नागवेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. म्हणून वेल लावण्याआधी शेवरी, शेवगा, पांगारा पेरतात. वेल वाढू लागली की ती लव्हाळ्यानं शेवरीला बांधतात. लव्हाळ्याची गाठ काही दिवसांनी सुकते, कुजते, गळून पडते. पण तोवर वेलीनं आपल्या पेरांपाशी फुटलेल्या मुळ्यांनी शेवरीला घट्ट धरलेलं असतं. गाठ सोडायला कुणी जात नाही. टाका म्हणजे ही लव्हाळ्याची गाठ. आणि आता ज्याबद्दल सांगायचं आहे ती शेवरी, म्हणजे चढायला दिलेला आधार. इमारतीला परांची बांधतात तसा. इंग्रजी वैद्यकात त्याला स्कॅफोल्ड म्हणतात, मी आधारजाळी म्हणतो.

पेशीला हवेत तरंगता येत नाही. तिला कशाला तरी चिकटावं लागतं. चिकटली की ती पसरते, विभागते, स्वतःभोवती कोलॅजन विणते. जिथं खड्डा आहे तिथं ती ओलांडून जात नाही, शरीर तो खड्डा घाईघाईनं व्रणाच्या जाड कातड्यानं बुजवतं. त्या खड्ड्यात योग्य जाळी ठेवली तर पेशी तिच्यावर चढतात, आत शिरतात, आपली वीण घालतात आणि त्याच वेळी जाळी हळूहळू पाण्यात सुटत जाते. काम पुरं झालं की परांची उरत नाही, भिंत उरते.

ही युक्ती शरीराला आपल्या किती तरी आधी ठाऊक आहे. बोट कापलं की रक्त गोठतं. त्या गाठीत फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंचं जाळं असतं. दुरुस्तीच्या पेशी त्या जाळ्यावरून जखमेत उतरतात. काम झालं की शरीर प्लाझ्मिन नावाचं विकर पाठवून तेच जाळं कापून काढतं. प्रत्येक खपलीखाली एक परांची उभी राहते आणि मोडली जाते. लहानपणी गुडघा फुटल्यावर आपण खपली उकरून पाहायचो तेव्हा मोठी माणसं का ओरडायची, ते आता मला नीट कळतं.

माणसानं केलेल्या आधारजाळीचा पहिला मोठा विजय जळिताच्या रुग्णांत झाला. बोस्टनमध्ये जॉन बर्क हे शल्यविशारद आणि आयोनिस यानास हे पदार्थवैज्ञानिक भाजलेल्या कातडीवर झाकण म्हणून काहीतरी शोधत होते. त्यांनी गुरांच्या स्नायुबंधातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून सच्छिद्र चकती केली, वर सिलिकोनचा पातळ पापुद्रा दिला. १९८१ मध्ये त्यांनी १० रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. झाकणाखाली व्रण यायचा, त्याऐवजी कातडीचा खालचा खरा थर नव्यानं तयार झाला होता. मोठ्या माणसाच्या शरीरात हा थर आपणहून पुन्हा येत नाही, असंच तोवर मानलं जाई.

१९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी 'सायन्स'मध्ये या साऱ्या विद्येची मांडणी केली. १९९७ मध्ये एक छायाचित्र जगभर गेलं : केस नसलेला उंदीर आणि त्याच्या पाठीवर माणसाच्या कानाचा आकार. पुष्कळांना वाटलं की उंदराला माणसाचा कान फुटला. खरं असं की पॉलिग्लायकोलिक आणि पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे टाक्याच्याच मालाची, तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या आकाराची जाळी बनवली होती, तिच्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या होत्या आणि उंदरानं त्यांना फक्त रक्ताची ऊब दिली. जाळी गेली, कूर्चेचा कान राहिला.

जाळीला भोकं कशी पाडतात, ही मला या सगळ्यातली सर्वांत गोड गोष्ट वाटते. हाडासाठीच्या जाळीत साधारण १०० ते ५०० मायक्रॉनची, एकमेकांत उघडणारी छिद्रं लागतात. आपला केस ७०-८० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज करा. इतकी बारीक भोकं पाडायला सुई कुठली आणायची? एक जुनी रीत अशी : पातळ केलेल्या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांच्या त्या मालात, ठरावीक जाडीचे मिठाचे खडे कालवायचे, घट्ट होऊ द्यायचं आणि मग सगळं पाण्यात बुडवून ठेवायचं. मीठ निघून जातं, त्याची जागा मोकळी राहते. खरंखुरं विरघळतं ते हे मीठ.

आता रेशीम. सातारा-सांगलीत उसाच्या जोडीनं तुती लावणारे शेतकरी आहेत. संगोपनगृहात शिरलं की पाल्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो, तो हजारो अळ्यांच्या खाण्याचा. महिन्याच्या आत चार वेळा कात टाकून अळीचं वजन सुमारे दहा हजार पट होतं, मग ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायला ठेवलेल्या चौकटीवर, चढून दोन-तीन दिवसांत आपल्याभोवती कोष विणते. एका कोषातला धागा सलग एक किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यात दोन प्रथिनं : आत फायब्रॉइन, वरून चिकट सेरिसिन. सेरिसिन शरीराला खुपू शकतं, म्हणून कोष सोड्याच्या पाण्यात उकळून ते काढतात. उरलेलं फायब्रॉइन वजनाच्या मानानं पोलादाशी तुलना व्हावी इतकं चिवट, आणि शरीर त्याला सहज सामावून घेतं. शल्यकर्मात काळा रेशमी धागा पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. पुस्तकात त्याची नोंद न विरघळणारा म्हणून आहे, कारण त्याचं बळ दोन महिन्यांहून जास्त टिकतं. पण शरीर त्यालाही फार सावकाश पचवतं.

हाडाला हाच सावकाशपणा हवा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रॉइनचे सूक्ष्म कण जोडून, दाब सोसणारी आणि हळूहळू शोषली जाणारी हाडाची आधारजाळी तयार केली. ते काम २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलं, आणि त्याच परिसरातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. तुतीचा पाला ते माणसाचं हाड, ही वाट मध्ये फक्त एका किड्याचं पोट ठेवून पार होते. कोषाचा भाव पडला की कोष फेकून द्यावासा वाटणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सांगलीबद्दल लिहिताना हळद सुटू नये. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने दाखले पुढं करून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शरीरात टिकत नाही, म्हणून ते जाळीत कोंडून जखमेपाशी थोडं थोडं सोडण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. ते अजून प्रयोगच आहेत. उघड्या खोल जखमेवर घरची हळद भरू नये.

या विद्येत सर्वांत अवघड असतं ते वेळेचं गणित. हाडाला पोलादाची पट्टी लावली की सगळा भार पट्टी घेते, आणि भार न मिळालेलं हाड खाली बारीक होत जातं. विरणारी पट्टी भार हळूहळू हाडाकडे सोपवते. लहान मुलांच्या कवटीच्या शस्त्रक्रियांत तर ती फार मोलाची, कारण वाढत्या कवटीत धातू कायमचा ठेवणं धोक्याचं. पण पट्टी लवकर गेली तर हाड पुन्हा मोडतं, उशिरा गेली तर नव्या हाडाला जागा मिळत नाही. जाड तुकड्याच्या पोटात तुटलेलं आम्ल साचून तो आतून लवकर पोखरला जातो, हेही अनुभवानं कळलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत धातूच्या स्टेंटऐवजी पॉलिलॅक्टिकची विरणारी नळी घालायची कल्पना सुंदर होती. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण तिच्या काड्या धातूपेक्षा जाड ठेवाव्या लागत, आणि काही रुग्णांत त्यांवर रक्ताच्या गाठी धरू लागल्या. २०१७ मध्ये ती विक्रीतून मागं घेतली गेली. ही माघार मला या शास्त्राच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. कल्पना चांगली होती म्हणून रुग्णांच्या जिवावर ती चालू ठेवली नाही.

दुसरा अडसर रक्ताचा. पेशीला जगायला केशवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनच्या आत राहावं लागतं. कातडी पातळ, तिला खालून रक्त पोचतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतातच, म्हणून तर पहिल्यांदा कान जमला. पण यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचा मुठीएवढा गोळा जाळीवर वाढवायचा तर त्यात केशवाहिन्यांचं सगळं जाळं पहिल्या दिवसापासून वाहतं हवं. कालव्यापासून लांबच्या रानाला पाटानं पाणी पोचायला चार दिवस लागले तर ऊस तग धरतो, पेशी धरत नाही. हे कोडं अजून सुटलेलं नाही. म्हणून कुणी जाहिरात करून नवं मूत्रपिंड किंवा नवा गुडघा उगवून देतो म्हणालं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि घरात कुणाचं ऑपरेशन झालं, तर टाके कोणत्या धाग्याचे घातले तेही विचारा. डॉक्टरांना हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं.

आत्याला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. थोडं चहाबरोबर, थोडं तिला दाखवायला मिरजेला नेताना एस.टी.त. पानमळ्याचा दाखला तिला लगेच पटला. श्वासाची गोष्ट तिनं मला दोनदा सांगायला लावली आणि मग शेजारच्या काकूंना स्वतः सांगितली, माझ्यापेक्षा बरी.

त्या जातीचा टाका जास्तीत जास्त ७० दिवसांत शरीरातून जातो. आत्याचं ऑपरेशन होऊन आज ८४ दिवस झाले.